चौदा नंबरची बाई

शुक्रवार, १२ जानेवारी १९९०. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका शाळेच्या वर्गात चौदा नंबरच्या बाईला टेबलावर घेण्यात आलं. परिचारिकेने मनगटावरच्या चिकटपट्टीचा आकडा पाहिला आणि विचारलं, "चौदा, सगुणा मोरू कोळी?" टेबलावरची बाई "हां" म्हणाली.

ती सगुणा नव्हती. ती सगुणाची थोरली जाऊ होती, जनी दामाजी कोळी. सगुणा त्या वेळी दाराबाहेर, पडदा म्हणून लावलेल्या चादरीला लागून, जनीचं मंगळसूत्र आणि बांगड्या पदरात धरून बसली होती.

पुढच्या मंगळवारी जनी वारली.

शिबिर एका सेवा न्यासाचं होतं. डोंबिवलीत न्यासाचं स्वतःचं इस्पितळ होतं, आणि दर हिवाळ्यात खाडीकाठच्या गावांसाठी कुटुंबनियोजनाची मोफत शिबिरं भरत. आठवडाभर आधी खारबंदरात जीप फिरून गेली होती. भोंग्यावर दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जात होत्या. शस्त्रक्रिया दुर्बिणीने होईल, आणि बिनटाक्याची होईल. सकाळी या, संध्याकाळी आपल्या घरी.

खारबंदर हे दिव्यापलीकडचं, खाडीला लागून असलेलं कोळ्यांचं छोटं गाव. तिथल्या बायका टेम्पोत बसून आल्या त्या हसतखिदळतच. शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून रांग लागली.

"बिनटाक्याचं म्हंजे काय गो? पोटाला चेन लावतान काय?" कुणीतरी विचारलं.

"लावली तर बरीच," जनी म्हणाली. "माज्या सासूला चावी देऊन ठेवीन."

"नि दुर्बिणीशी बघतान म्हंजे काय दिसंल?"

"तुज्या पोटान? दुसरं काय दिसनार! सुके बोंबील."

परिचारिका शेवंतीबाई पडद्यातून डोकं काढून ओरडल्या तेव्हा रांग गप्प झाली. मग पुन्हा कुजबुजायला लागली.

दुर्बीण म्हणजे बोटाच्या जाडीची लांब नळी. बेंबीखाली लहानसा छेद घेऊन आधी पोटात हवा भरतात. मग अणकुचीदार टोकाची एक सळई पोटाच्या पडद्यातून आत सारतात आणि तिने केलेल्या वाटेने दुर्बीण घालतात. आतल्या दोन बीजवाहिन्यांवर रबराची कडी चढवली की काम झालं. सारं काही मिनिटांचं. पण सगळा भरवसा त्या सळईच्या टोकावर. टोक धारदार असलं तर ते हलक्या हाताने आत जातं, आणि कुठे थांबायचं हे हाताला कळतं. टोक बोथट झालं की जोर लावावा लागतो. जोर लावलेला हात वेळेवर थांबेलच असं नाही.

शिबिरात अशा दोन सळया होत्या. एक वापरात असे, दुसरी औषधाच्या पाण्यात बुडवलेली.

सगुणा सकाळी पहिल्या टेम्पोने आली म्हणून तिला चौदा नंबर मिळाला. जनी घरचा स्वयंपाक उरकून मागून आली. तिला मिळाला एकतीस. आणि त्या दिवशी उधाणाची भरती होती. पौर्णिमा आदल्या दिवशीच झाली होती. दामाजी आणि मोरू या दोघा भावांची होडी एकच, आणि ती भरतीबरोबर एकच्या सुमारास बंदराला लागणार होती.

इथे खारबंदरची रीत सांगायला हवी. त्या गावात मासळी बायकांची. पुरुष होडी लावतो, टोपल्या काठावर ठेवतो आणि जाळं धुवायला वळतो. वाटे घालणं, भाव सांगणं, व्यापाऱ्याशी भांडणं हे त्याने करायचं नाही. करायला गेला तर गावभर हसू होतं. घरची बाई बंदरावर नसली तर व्यापारी तोंडाला येईल तो भाव सांगून टोपली उचलतो आणि पुरुष पाठ करून उभा राहतो. या घरची मासळी जनीच्या हातची. धाकटी सगुणा टोपल्या वाहायची. चारचौघांत भाव सांगायची वेळ आली की तिच्या तोंडून आवाज निघत नसे.

एकतिसाव्या नंबरापर्यंत थांबलं असतं तर जनीची भरती चुकली असती. बिनटाक्याचंच तर आहे, आधी उरकलं तर बंदरावर बसून वाटे तरी घालता येतील, असा हिशेब झाला. दोघींनी मनगटावरच्या पट्ट्या सोडवल्या आणि एकमेकींना लावल्या. एकाच घरच्या दोघी. कुणी विचारलं नाही.

पट्ट्या बदलायचं आधी कुणी काढलं, हे मात्र ठामपणे सांगता येत नाही. रांगेत बसल्यापासून सगुणाच्या हातापायांना घाम सुटला होता, हे इतर बायकांनी पाहिलं होतं. जनी दोनदा उठून ऊन कुठवर आलं ते बघून आली, हेही त्यांनी पाहिलं होतं.

पडद्याबाहेर बसलेल्या सगुणाला आतलं दिसलं नाही, ऐकू आलं. आधी भांड्यांचा आवाज. मग जनीचा, "आय गो!" मग डॉक्टर सबनीसांचा, वैतागलेला: "टोक गेलंय याचं. जातच नाही. दुसरं काढा."

"दुसरं आत्ताच औषधात टाकलंय, सर."

"ही झाली की काढा."

थोड्या वेळाने जनीला दोघींनी धरून बाहेर आणलं आणि सतरंजीवर निजवलं. शेवंतीबाईंनी प्रत्येकीला सांगितलं तेच तिलाही सांगितलं. "खांदा दुखेल. आत हवा भरलेली असते, ती खांद्याला लागते. घाबरायचं नाही."

होडी लागली तेव्हा जनी बंदरावर होती. एका पालथ्या टोपलीवर बसून तिने वाटे घातले. डोंबिवलीचा व्यापारी पंढरी तिच्यासमोर उकिडवा बसला.

"काय गो जने, आज बसूनच भाव? उठवत नाय?"

"तुजा भाव ऐकला नि बसली."

पंढरी हसला. त्याने नंतर सांगितलं की ती घामाने भिजली होती आणि कोलंबीच्या वाट्यावर हात ठेवून मधेच डोळे मिटत होती. त्याला वाटलं, भाव चढवायची नवी युक्ती असेल.

संध्याकाळी सगुणा परत आली. तिची शस्त्रक्रिया पाऊण वाजता, दुसऱ्या सळईने झाली होती. दोघी शेजारी शेजारी चटईवर पडल्या. जनीने मनगटाची पट्टी ओढून काढली आणि हसत सगुणाच्या उजव्या खांद्यावर चिकटवली. "घे तुजा चौदा नंबर. मना नको."

शनिवारी दोघींचे खांदे दुखले. रविवारी सगुणाचा थांबला. म्हणजे शेवंतीबाई म्हणाल्या ते खरं होतं. म्हणून जनी जेव्हा म्हणाली की खांद्यातून कळा येतात, पोट दगडासारखं झालंय, तेव्हा सासू मनुबाई, दामाजी, मोरू आणि सगुणा, चौघांनीही तिला तेच वाक्य परत दिलं. हवा आहे. खांद्याला लागते. घाबरायचं नाही. सोमवारी तिला बोलता येईना तेव्हा टेम्पोत घालून सरकारी रुग्णालयात नेलं. मंगळवारी सकाळी ती गेली. शवविच्छेदनात आतड्याला छिद्र आढळलं. पोटभर पू झाला होता.

दहाव्या दिवशी खाडीकाठी पिंड ठेवला. समोरच्या तिवराच्या झाडावर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. मनुबाईने पोरांची शपथ घेतली. "तुजी तिन्ही पोरं मी उपाशी नाय ठेवनार गो." कावळा उतरला नाही. मोरूने होडी सांभाळायचं सांगितलं. जनीच्या माहेरच्यांनी काय काय सांगितलं. ऊन वर आलं. शेवटी दामाजी पुढे झाला आणि पाण्याकडे बघत ओरडला, "तुला मारली त्याला मी कोर्टान खेचीन! ऐकतंस काय? सोडनार नाय!"

त्याच वेळी मागे बायकांत उभी असलेली सगुणा ओठ न हलवता म्हणाली, मी सांगीन. खरं काय झालं ते मी सांगीन.

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी दामाजीकडे पाहिलं. दामाजीनेही मानलं की तो त्याच्याच शब्दावर उतरला. कावळ्याने कुणाचा शब्द घेतला, हे फक्त सगुणाला विचारावंसं वाटत होतं, आणि विचारायला कुणी नव्हतं.

ठाण्याच्या नौपाड्यात एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर नंदा परुळेकर यांचं वकिलीचं कार्यालय होतं. ग्राहक कायदा तेव्हा नवा होता. डॉक्टरांना त्याखाली ओढता येतं की नाही यावरच वाद चालू होते. दामाजीने खुर्चीवर न बसता उभ्याने सगळं सांगितलं. १९९१ मध्ये न्यास आणि डॉ. सबनीस यांच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक मंचात तक्रार दाखल झाली.

न्यासाचं उत्तर आलं ते नीटनेटकं होतं. त्यात काही लपवलेलं दिसत नव्हतं. जनी दामाजी कोळी यांचा क्रमांक एकतीस. त्यांच्यावर पाऊण वाजता धारदार, सुस्थितीतल्या उपकरणाने शस्त्रक्रिया झाली. त्या दिवशी एका उपकरणाचं टोक बोथट झाल्याचं डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं, पण ते चौदा क्रमांकाच्या वेळी, आणि ते तिथेच बाजूला काढण्यात आलं. चौदा क्रमांकाची स्त्री आजही हयात आणि सुदृढ आहे. मृत स्त्री मात्र सूचना झुगारून त्याच दुपारी एक वाजता बंदरावर कामाला गेली. त्याबद्दल पंढरी या व्यापाऱ्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडलं होतं.

परुळेकर बाईंनी ते दोनदा वाचलं आणि दामाजीला बोलावून घेतलं.

"दामाजी, ही बाई पाऊण वाजता दिव्यात टेबलावर होती असं ते म्हणतात. आणि एक वाजता खारबंदरात भाव करत होती असंही तेच म्हणतात. दोन्ही कसं होईल?"

"त्यांचीच गडबड हाय, बाई. खोटं बोलतान."

"खोटं बोलणारा माणूस टोक बोथट झाल्याचं आपणहून सांगत नाही."

त्या रविवारी त्या स्वतः खारबंदरला गेल्या. सगुणा ओट्यावर जनीच्या धाकट्या मुलीचे, गंगूचे, केस विंचरत होती. गंगू आई गेली तेव्हा अंगावर पीत होती. ती सगुणाला आय म्हणे. मोठी दोघंही तिच्याच ताटात जेवत. सगुणाला स्वतःची दोन होती. पाचांत फरक करताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

"तुमचा नंबर काय होता हो, सगुणाबाई?"

"आठवत नाय."

"चौदा होता. त्यांनी तुमचं नाव दिलंय."

सगुणा फणी चालवत राहिली.

"मग जनीबाई तुमच्या आधी घरी कशा पोचल्या?"

"आय, दुखतं," गंगू म्हणाली. फणी केसांत अडकली होती. सगुणाने ती सोडवली, मुलीला उचललं आणि आत गेली.

परुळेकर बाईंना उमगलं असावं. पण अंदाज मंचापुढे ठेवता येत नाही, आणि ज्या तोंडून ते यायला हवं होतं ते मिटलेलं होतं. सगुणाला काय गमवायचं होतं ते त्यांना ओट्यावरच दिसलं होतं. दामाजी रोज जिच्या हाती टोपली देत होता, जिच्या मांडीवर त्याची पोरं निजत होती, तिने सांगायचं होतं की तुझी बायको माझ्या जागी आडवी झाली. ते टोक माझ्या पोटासाठी होतं.

सगुणा बंदरावर बसू लागली ती नाइलाजाने. मनुबाई थकलेली होती, दुसरी बाई घरात नव्हती. पहिल्या भरतीला तिने भाव सांगितला तेव्हा पंढरीने उचललेली टोपली खाली ठेवली.

"काय झालं?" मोरूने विचारलं.

"कुठं काय," पंढरी म्हणाला. पण तो आपल्या मागे बघत होता. पुढे कधीतरी त्याने सांगितलं, "ही बोलते नि मना वाटतं जनीच बोलली. तोच ठसका. शिवी पन तीच."

कोलंबीच्या वाट्यावर सर्वांत मोठा नग आडवा ठेवायची जनीची सवय होती. सगुणाला ती कुणी शिकवली नव्हती. हात आपोआप तसं करत. आणि भरती चढू लागली की तिचा उजवा खांदा दुखू लागे, नेमका जिथे ती पट्टी चिकटवली होती तिथे. ओहोटी लागली की थांबे. ठाण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाडात काही नव्हतं. दिव्याच्या भगताने तांदूळ टाकले आणि म्हणाला, कुणाचं तरी तुझ्याकडे राहिलंय.

मनुबाईने घरी आल्यावर तिला समोर बसवलं. "जनीचं काय ठेवलंस काय गो तू? बांगडी-बिंगडी?"

"नाय, आत्ये. सगलं दादाला दिलं."

"नीट बघ."

"बघितलं."

भरतीच्या वेळी बंदरावर आपल्या शेजारची पालथी टोपली सगुणा रिकामी ठेवी. कुणी बसायला आलं तर म्हणे, "तिथं नको, वली हाय." ती कोरडी असायची.

१९९३ च्या पावसाळ्यानंतर ती डोंबिवलीच्या बाजारात मासळी घेऊन जाऊ लागली. तिथे एका सकाळी चष्मा लावलेली एक बाई कोलंबी निवडायला वाकली, आणि निवडता निवडता थांबली.

"खारबंदरची का गं तू?"

"हां."

"तिथली सगुणा मोरू कोळी ठाऊक आहे?"

सगुणाने मान वर केली. शेवंतीबाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी न्यासाची नोकरी सोडली होती.

"मीच ती."

शेवंतीबाईंनी कोलंबी टाकली आणि ओल्या हातांनी तिचे दोन्ही हात धरले. "चौदा नंबर! बरी आहेस ना गं? चेहरे नाही राहत माझ्या लक्षात, नंबर राहतो. तुझ्या वेळी ते टोक गेलं होतं. केवढा जोर लावला होता सरांनी. तुमच्या गावची बाई गेली असं कळलं तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं, म्हटलं चौदा असणार. मग कळलं, ती एकतीस होती. नारळ फोडला बघ मी तुझ्या नावाने."

सगुणाने हात सोडवून घेतले.

"पोटात काही दुखत-बिखत नाही ना?"

"खांदा दुखतो," सगुणा म्हणाली.

"अजून? हवा तर केव्हाच गेली असेल." शेवंतीबाई हसल्या. मग त्यांचं हसू कमी झालं. त्या बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. कोलंबी न घेताच गेल्या.

म्हणजे डॉक्टर खोटं बोलत नव्हते. परिचारिका खोटं बोलत नव्हती. न्यासाचे वकील खोटं बोलत नव्हते. त्या दोन पट्ट्यांमुळे सगळ्यांचं खरं बोलणं मिळून एक खोटं झालं होतं, आणि ते दुरुस्त करू शकणारं माणूस जगात एकच उरलं होतं.

नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती सेवा ग्राहक कायद्याबाहेर. जिथे काहींकडून पैसे घेऊन इतरांना मोफत मिळतात ती कायद्याच्या आत. न्यासाच्या इस्पितळात पैसे घेतले जात, शिबिरात नाही. मग शिबिर इस्पितळाचा भाग की वेगळं? त्या एका मुद्द्यावर तक्रार तरली किंवा बुडली असती. मंचाने ठरवलं की आधी पुरावा ऐकू.

तेव्हा न्यासाने आपल्या बाजूने एक साक्षीदार बोलावला: चौदा क्रमांकाची स्त्री. ती समोर उभी राहिली की प्रश्नच मिटला, असं त्यांचं म्हणणं.

समन्स घरी आलं तेव्हा दामाजी जाळं विणत होता. मोरूने वाचून दाखवलं.

"त्यांची साक्षीदार?" दामाजी सगुणाला म्हणाला. "बरं हाय. माज्या घरचं खाऊन त्यांची साक्ष दे. लुगडं नवं नेस, डाक्टर बघंल."

"दादा—"

"जा तू. ठनठनीत हायस तेवढं सांग. खोटं कशाला बोलशील?"

तारीख सप्टेंबर १९९६ मधली होती. दामाजी, मोरू आणि सगुणा खोपटला बसमधून उतरून चालत मंचाच्या कार्यालयात गेले. दुपारी पुकारा झाला. भरतीची वेळ होती, आणि सगुणाने डाव्या हाताने उजवा खांदा धरला होता.

न्यासाचे वकील सभ्य होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची मागवली.

"बारा जानेवारी नव्वदला तुमच्यावर डॉ. सबनीसांनीच शस्त्रक्रिया केली?"

"हां."

"नंतर काही त्रास?"

"पोटाला नाय."

"म्हणजे तुम्ही ठणठणीत आहात. तुमचा क्रमांक चौदा होता, बरोबर?"

सगुणाने मागे वळून पाहिलं. दामाजी शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"चौदा नंबर जनी होती," ती म्हणाली. आवाज मोठा होता, बंदरावरचा. "मी एकतीस. आमी पट्ट्या बदलल्या."

वकिलांनी कागद चाळले. "बाई, नीट आठवून सांगा."

"आठवूनच सांगतंय. सा वरसां आठवतंय."

"सहा वर्षं हे कुणालाच का सांगितलं नाही?"

'साक्षीदार गप्प' अशी नोंद झाली.

डॉ. सबनीस त्याच दिवशी तिथे होते. परुळेकर बाईंनी त्यांना उलटतपासणीसाठी उभं करण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं ते ज्या रुग्णाला जिवंत समजत होते तिच्याबद्दल त्यांना आता बोलायचं होतं.

"चौदा नंबरच्या वेळी तुम्ही नेहमीपेक्षा जास्त जोर लावला?"

"लावावा लागला."

"ती सळई आता कुठे आहे?"

"तेव्हाच धार लावायला दिली होती."

"आणि धार लावल्यावर?"

"पुढच्या शिबिरांना गेली."

"अजून वापरात आहे?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "न्यासाकडे अशी उपकरणं बरीच आहेत. त्यातलं ते कोणतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

न्यासाच्या वकिलांनी लेखी हरकत घेतली की साक्षीदार तक्रारदाराच्या घरची असून तिने ऐनवेळी जबाब फिरवला आहे. मंचाने निकाल राखून ठेवला.

जिन्यात दामाजी थांबला. मोरू पुढे निघून गेला होता. दामाजी सगुणाकडे न बघता म्हणाला, "एकच सांग. तिनं नंबर मागितला का तू दिलास?"

परुळेकर बाई दोन पायऱ्या वर होत्या. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की सगुणा म्हणाली, "भरती येत होती, दादा." दामाजी म्हणाला, "ते मना ठाव हाय. मी होडीत होतो." मग दोघंही उतरून गेले. पुढे सगुणाने हे मोरूला सांगितलं तेव्हा जनीने मागितला असं सांगितलं. मनुबाईला सांगितलं तेव्हा आपण दिला असं. परुळेकर बाईंना सांगितलं तेव्हा म्हणाली, दोघींचे हात एकदमच पट्टीला गेले.

निकाल लागण्याआधी मंचाच्या अध्यक्षांची मुदत संपली. नवे अध्यक्ष आल्यावर युक्तिवाद पुन्हा ऐकायचं ठरलं. न्यासाची शिबिरं त्या हिवाळ्यातही झाली. मुंब्र्याजवळ एक, कल्याणजवळ दोन. बायका गेल्या.

जानेवारी १९९७ मध्ये, पौर्णिमेनंतरच्या उधाणाला, होडी दुपारी खारबंदरला लागली. मोरू जाळं धुवायला गेला. दामाजीने टोपली काठावर ठेवली आणि त्या दिवशी तो वळला नाही. तिथेच उभा राहिला. सगुणा वाटे घालत होती. तिच्या शेजारची पालथी टोपली नेहमीसारखी रिकामी होती. तो तिच्यावर बसला.

पंढरी समोरच होता. दामाजीने विचारलं आणि सगुणाने मान न उचलता काहीतरी सांगितलं, एवढं त्याला दिसलं. पाणी धक्क्यावर आपटत होतं. काय सांगितलं ते त्याला ऐकू आलं नाही.

तक्रारीची पुढची तारीख अजून पडलेली नाही.